५ जूनचा संच: बेळगावच्या पावसात तो दसऱ्यापर्यंत टिकतो का?

दर मे महिन्यात बेळगाव परिसरातल्या कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या टेबलांवर 'हरित कार्यालय'ची कोटेशनं येऊन पडतात. पुरवठादार वेगळा, लेटरहेड वेगळं, पण आतला माल जवळपास तोच: २०० लिटरचा एक फिरता कंपोस्ट ड्रम, हिरवा-निळा-काळा असे तीन डबे, कल्चर पावडरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पाकिटं, नळांना बसवायचे दहा-बारा एरेटर (धारेत हवा मिसळून पाणी वाचवणाऱ्या जाळ्या), वीस रोपं, भिंतीवरचे स्टिकर आणि दोन तासांचं प्रशिक्षण. ५ जूनला, पर्यावरण दिनी, नारळ फुटतो, फोटो निघतात, आणि गणपती येईपर्यंत ड्रमवर कुणीतरी रेनकोट वाळत घातलेला असतो.

हा आढावा त्या संचाचा. मापं धरली आहेत ती उद्यमबाग, मच्छे, होनगा भागात सर्रास दिसणाऱ्या युनिटची: साधारण ६० माणसं, कॅन्टीनमध्ये एक जेवण आणि दोन वेळचा चहा, दोन-चार सीएनसी (संगणकावर चालणारी कटाईची मशीन), दाबाची हवा पुरवणारा एक कॉम्प्रेसर. शाळा, सोसायटी किंवा बँकेची शाखा असेल तर माणसांच्या प्रमाणात आकडे उतरवून घ्या.

निकाल आधीच सांगतो. ड्रम कामाचा आहे, पण एकाने भागत नाही. एरेटर पैसा वसूल. डबे अर्धवट. कल्चर आणि स्टिकर कोटेशनमधून खोडून टाकावेत असे. आणि वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त पैसा जिथून गळतो, त्याबद्दल संचात चकार शब्द नाही.

तारीखच चुकीची

कंपोस्टला ओल्या मालाइतकाच सुका माल लागतो. शिळा भात, आमटीतल्या भाज्या, चहाचा चोथा यांत नत्र आणि पाणी भरपूर. त्याला तोलून धरायला पाचोळा, भुसा, चिपाड असा कर्बाचा माल हवा. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास राहिलं आणि ओल ५० ते ६० टक्के राहिली की जिवाणू आपलं काम करतात. बेळगावात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरतो आणि खानापूरच्या बाजूला सरकाल तसा तो वाढतच जातो. म्हणजे ज्या दिवशी ड्रमचं उद्घाटन, त्याच आठवड्यात आवारातला सगळा पाचोळा भिजून चिखल झालेला. सुकं काहीच हाताशी नाही, हवेत दमटपणा, आणि ड्रममध्ये रोज सहा किलो भात-आमटी. तीन आठवड्यांत तो आंबणारच. यात यंत्राचा दोष नाही.

ड्रम जानेवारीत घ्यावा आणि फेब्रुवारीत सुरू करावा. तेव्हा पानगळ असते, हवा कोरडी असते, रसवंत्या सुरू झालेल्या असतात. जून येईपर्यंत ड्रममध्ये चार महिन्यांचा जिवंत माल तयार असतो, कॅन्टीनच्या पोरांचा हात बसलेला असतो, आणि मुख्य म्हणजे सुक्या मालाची पोती शेडमध्ये रचलेली असतात.

किती पोती? हिशोब असा. ६० माणसांमागे रोज सुमारे ६ किलो ओला कचरा धरा. आकारमानात तो १२ लिटर भरतो. तितकाच सुका, म्हणजे रोज १२ लिटर. जून ते सप्टेंबर कामाचे दिवस १०० धरले तर १,२०० लिटर. धान्याच्या मोठ्या पोत्यात दाबून भरलेला पाचोळा १०० लिटरच्या आसपास मावतो, म्हणजे १२ पोती. पावसाळ्यात सुका मालही हवेतली ओल धरतो आणि दीडपट लागतो, म्हणून १८ पोती भरून ठेवा. जमिनीवर नाही, लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब. फरशीला टेकलेलं पोतं जुलैत खालून बुरसतं.

सुका माल कुठला, हेही महत्त्वाचं. गुलमोहर, रेन ट्री यांची बारीक पानं सगळ्यात लवकर कुजतात. आंब्या-फणसाची पानं चामड्यासारखी. पायाखाली चुरून मगच टाकावीत. रसवंतीचं चिपाड उन्हाळाभर फुकट मिळतं, पण ताजं चिपाड गोड असतं आणि चिलटं, मुंग्या घेऊन येतं, तेव्हा तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवायचं आणि बोटभर तुकडे करायचे. लांब धांडे ड्रमच्या आसाला गुंडाळले जातात. खानापूरकडच्या भातगिरणीचं तूस हलकं आणि कोरडं असतं, हवा खेळती ठेवायला उत्तम. मात्र त्यात सिलिका असल्यामुळे ते स्वतः फार सावकाश कुजतं. एक तृतीयांशापेक्षा जास्त तूस नको, नाहीतर तयार खतात ते जसंच्या तसं दिसतं.

फाउंड्रीवाल्यांकडे आणखी एक फुकटचा साठा असतो: पॅटर्न शॉपचा भुसा. सागवान, पाइन अशा सरळ लाकडाचा असेल तर जरूर घ्या. प्लायवूड किंवा एमडीएफचा असेल तर त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो, तो नको. आणि मशीन शॉपमध्ये तेल टिपायला पसरलेला भुसा झाडूनझुडून कुणी 'सुकाच आहे की' म्हणून ड्रमकडे नेतो, त्याला वेळीच अडवा. कटिंग ऑइल आणि धातूचा कीस एकदा आत गेला की तो आख्खा ड्रम झाडाला घालायच्या लायकीचा राहत नाही. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीतल्या काड्या स्वस्तात मिळतात, त्याही टाळा. निकोटीन म्हणजे कीटकनाशकच, आणि गांडुळांच्या वाफ्यात तर ते अजिबात नको.

ड्रम: सेल्समनचा हिशोब आणि खरा हिशोब

माहितीपत्रकात एका ड्रमला '६० माणसांसाठी पुरेसा' म्हटलेलं असतं. करून बघा. रोज १२ लिटर ओला, १२ लिटर सुका, एकूण २४. ड्रम दोन तृतीयांश, फार तर १४० लिटरपर्यंतच भरायचा. त्यापुढे आतला माल पलटतच नाही, नुसता घसरतो. माल रोज थोडा खाली बसतो हे धरलं तरी दहाएक दिवसांत ड्रम भरतो. भरल्यावर नवा माल न टाकता त्याला निदान दहा दिवस तसाच फिरवत ठेवावा लागतो. त्या दहा दिवसांत कॅन्टीनचा कचरा कुठे टाकायचा? इथेच बहुतेक ठिकाणी गाडं अडतं: ताजा माल अर्धवट कुजलेल्यावर पडत राहतो आणि ड्रम कधीच 'तयार' होत नाही.

त्यामुळे ६० माणसांना दोन ड्रम आणि एक विटांचा हौद असा जोड लागतो. पहिला दहा दिवस भरायचा, मग दुसरा. दुसरा भरेपर्यंत पहिल्याचा उग्रपणा गेलेला असतो, तो हौदात रिकामा करायचा. हौद ३ फूट लांब, ३ फूट रुंद, ३ फूट उंच, विटा मधे फट सोडून रचलेल्या, वर पत्रा. असे दोन कप्पे शेजारी शेजारी. एक भरत असताना दुसऱ्यात माल ३० ते ४० दिवस मुरतो. हा हौद गवंड्याकडून एका दिवसात होतो आणि दुसऱ्या महागड्या 'क्युरिंग युनिट'ची गरज राहत नाही.

ड्रम विकत घेताना चार गोष्टी हाताने तपासा. आतमध्ये आडव्या पट्ट्या आहेत का? नसतील तर ओला माल फिरता फिरता लाडवासारखा वळला जातो. जुलैत असा ड्रम उघडला की क्रिकेटच्या चेंडूएवढे काळे गोळे हाताला लागतात. वरून ठीक, फोडला की आतून सडक्या अंड्याचा वास. आत हवा पोचलेलीच नसते. उपाय सोपा: ४० मिलिमीटरच्या अँगलचे तीन तुकडे ड्रमच्या लांबीइतके कापून आतून नट-बोल्टने बसवायचे, तिन्ही समान अंतरावर. बोल्टची टोकं बाहेरच्या बाजूला घ्या. आत ठेवली तर माल काढताना हात कापतो.

दुसरं, आस. स्वस्त ड्रममध्ये एक इंची पाइप थेट प्लास्टिकच्या भोकातून आरपार घातलेला असतो. भरलेल्या ड्रमचं वजन ७०-८० किलोवर जातं. सहा महिन्यांत भोक लांबट होतं आणि ड्रम एका बाजूला लोंबतो. हे दुरुस्त करायला बेळगावसारखं गाव नाही. दोन्ही तोंडांना ५ मिलिमीटरची लोखंडी गोल प्लेट, तिला २५ मिलिमीटरचा शाफ्ट वेल्ड करून, खाली दोन यूसीपी २०५ पेडेस्टल बेअरिंग. कुठलाही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात करून देतो आणि पुढची कित्येक वर्षं ड्रम एका हाताने फिरतो. जे यंत्र फिरवायला दोन माणसं लागतात ते ऑगस्टमध्ये कुणी फिरवत नाही, एवढं लक्षात ठेवा.

तिसरं, हवेची भोकं. ८ ते १० मिलिमीटरची, दोन्ही तोंडांना निदान वीस-वीस, आतून ६ मिलिमीटरची जाळी. नाहीतर उंदीर, घुशी येतात. चौथं, दाराची कडी. लोखंडी असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात गंजून बसते. स्टेनलेसची मागा, नाहीतर लगेच बदलून घ्या.

रोजची पद्धत: कॅन्टीनमध्ये भोकांची बादली ठेवा आणि ताटातलं उरलेलं तिच्यात ओता. आमटी, सांबार, ताक खाली निथळून जाऊ द्या. ड्रममध्ये फक्त घट्ट भाग. या एका बादलीने निम्म्या तक्रारी थांबतात. पोळी, भाकरी तुकडे करून. मटणाची हाडं, लोणचं, तळणीचं तेल नको. दर वेळी वरून बोटभर जाडीचा सुका थर, आणि दिवसाआड पाच-सहा फेरे. रोज पन्नास फेरे मारले तर माल थंड पडतो, लवकर काही होत नाही.

ओल बघायला यंत्र लागत नाही. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर सुका माल कमी. काहीच आलं नाही आणि मूठ उघडताच माल भुरभुरला तर पाणी शिंपडा. वासही बोलतो: नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे नत्र जास्त, भुसा वाढवा, सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा कमी, गोळे फोडा, दार दोन तास उघडं ठेवा, मग भुसा घाला. पुष्कळ ठिकाणी वास आला की चुना मारतात. चुन्याने नत्र अमोनिया होऊन उडून जातं आणि वास उलट वाढतो. चूलभर राख असेल तर एक मूठ चालेल, चुना नको.

कल्चर पावडर घेऊ नका. आधीच्या खेपेचं दोन किलो खत नव्या ड्रममध्ये टाकलं की तेच विरजण. पहिल्या खेपेला शेणाचं घट्ट पाणी पुरतं. ज्या संचात दर महिन्याला पाकिटं 'अनिवार्य' आहेत, तिथे पुरवठादाराला खतापेक्षा पाकिटांत रस आहे असं समजावं.

हिवाळ्याचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा चांगलाच उतरतो आणि २०० लिटरचा छोटा ढीग रात्रीतून ऊब घालवतो. ड्रम पूर्वेच्या उन्हात सरकवा, रात्री दोन गोणपाटं टाका, फेरे आठवड्यातून दोनदाच. काम मंदावतं, बंद पडत नाही; हौदातला मुरण्याचा काळ दहा-पंधरा दिवसांनी वाढवून धरा.

खंडेनवमीचा दिवस

वर्षातला सगळ्यात जड दिवस हाच, आणि कुठल्याच माहितीपत्रकात तो नसतो. प्रत्येक मशीनला झेंडूची माळ, गेटला केळीचे खुंट आणि ऊस, दारात फोडलेला कोहळा. आठवड्याभराचा ओला माल एका संध्याकाळी जमा होतो आणि सगळा एकदम ड्रममध्ये कोंबला की त्याचं लोणचं होतं.

माळा आधी सोडवा. दोरा बहुतेक नायलॉनचा असतो. तो आत गेला तर शाफ्टभोवती फास बसतो. सुटी फुलं शेडमध्ये पसरून दोन दिवस सुकू द्या, झेंडू छान कुजतो. केळीचा खुंट म्हणजे जवळजवळ पाणीच: दोन इंची चकत्या करून सावलीत वाळवा, मग थेट हौदात, ड्रममध्ये नको. कोहळ्यातला कुंकवाचा भाग आणि नाणी काढून घ्या; बाकी फोडी तुकडे करून रोज थोड्या थोड्या. मखराचं थर्माकोल आणि चमकी वेगळ्या पोत्यात. या दिवसासाठी पावसाळ्यातून वाचलेली तीन पोती राखून ठेवा. पोती उरली नसतील तर हिशोब फेब्रुवारीतच चुकला होता.

डबे

हिरवा ओल्याला, निळा सुक्याला, काळा घातक घरगुती कचऱ्याला. कार्यालयाला एवढं चालतं. वर्कशॉपमध्ये चौथा डबा हवाच आणि तो संचात कधीच नसतो: झाकणाचा लोखंडी ड्रम, तेलाने भिजलेल्या कॉटन वेस्टसाठी, म्हणजे मशीन पुसायच्या सुती चिंध्यांसाठी. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे हा माल आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही आणि तो परवानाधारकाकडेच द्यावा लागतो. त्याच्या वार्षिक विवरणाची, फॉर्म ४ ची, मुदत ३० जून. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती असलेल्या युनिटांचं पर्यावरण विवरण, फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. पर्यावरण दिनाच्या गडबडीत वीस रोपं लागतात आणि ३० जून निसटतो, हे गणित काही बरोबर नाही.

निळ्या डब्याची ठरलेली बिघाडी म्हणजे चहाचे कागदी कप. आतून प्लास्टिकचा थर, तळाला घोटभर चहा. एका कपाने खालचा सगळा पुठ्ठा भिजतो आणि भंगारवाला भाव पाडतो किंवा उचलतच नाही. मग तो माल महापालिकेच्या गाडीतून तुरमुरीच्या कचरा डेपोच्या वाटेला लागतो. कप बंद करून प्रत्येकाला स्टीलचा पेला द्यावा; ६० पेले एकदाच घ्यायचे, प्रत्येकावर नंबर कोरून. नंबर नसेल तर महिन्याभरात वीस उरतात. कुंद्याच्या (इथल्या मिठाईच्या) खोक्यांचंही तसंच: निवृत्ती, बढती, नवी गाडी, कारण काहीही असो, तुपकट झालेला पुठ्ठा निळ्यात नको, फाडून ड्रममध्ये चालतो. आतली प्लास्टिकची तबकडी मात्र पुसून निळ्यात.

डब्यावर काय लिहायचं, यावर आमचं मत स्पष्ट आहे: काहीच लिहू नका, चित्र चिकटवा. बेळगावात पाटीच्या भाषेवरून काय काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय कामावर मराठी, कन्नड, हिंदी, उडिया बोलणारे सगळेच असतात. केळीच्या सालीचं चित्र चौघांनाही कळतं. खऱ्या वस्तूंचे मोबाइलवर काढलेले फोटो छापून, लॅमिनेट करून, डब्याच्या मागे भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावा. झाकणावर लावलेलं झाकण उघडताच दिसेनासं होतं.

नळ

एरेटर ही संचातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक वस्तू. तपासणी अशी: एक लिटरची बाटली नळाखाली धरा. पाच सेकंदांत भरली तर मिनिटाला १२ लिटर. ३ लिटरचा एरेटर बसवला की तीच बाटली वीस सेकंद घेते आणि हात तितकेच स्वच्छ होतात. आटे आधी मोजा: नळाला बाहेरून आटे असतील तर सहसा २२ मिलिमीटर, आतून असतील तर २४. दोन्ही बाजूंना बसणारे मिळतात, तेच घ्या. कॅन्टीनच्या पातेली भरायच्या नळाला लावू नका. पातेलं भरायला लागतं तेवढं पाणी लागतंच, नुसता वेळ जातो, आणि स्वयंपाकी दुसऱ्या दिवशी पान्याने काढून टाकतो.

टिकण्याचा प्रश्न जाळीचा. बोअरच्या पाण्याने तिच्यावर पांढरा थर बसतो, आणि पहिल्या पावसानंतर गढूळ पाण्याचा तांबडा गाळ. धार बारीक झाली की लोक जाळी काढून फेकतात आणि एरेटरचं नुसतं टोपण उरतं. दर दोन महिन्यांनी, आणि जून-जुलैत दर पंधरा दिवसांनी, जाळ्या काढून पेलाभर पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. पाच जाळ्या सुट्या घेऊन स्टोअरमध्ये ठेवा.

रोपांबद्दल दोनच ओळी. ५ जून ही तारीख जुळते ती फक्त रोपांना, पण वीस नकोत, पाच घ्या: फेब्रुवारी ते मे प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी, म्हणजे विसांना ४०० लिटर, तेही टंचाईत. दीड फुटाचा खड्डा, तुमच्याच हौदातलं खत, बुंध्याशी पाचोळ्याचा थर, आणि शेळी पोचणार नाही असं कुंपण. स्टिकर तर सोडाच.

संचात नसलेला कॉम्प्रेसर

'दिवे बंद करा'चा स्टिकर लावलेल्या भिंतीमागेच कॉम्प्रेसर जेवणाच्या सुट्टीतही धडधडत असतो. ७ बारच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट सतत वाया. दिवसाला दहा तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर १०,५०० युनिट. ७ रुपये युनिटने ७३,५०० रुपये. संचातल्या सगळ्या वस्तू मिळून इतकं वाचवत नाहीत.

गळती मोजायला काही विकत आणावं लागत नाही. शिफ्ट संपल्यावर सगळी मशीन बंद, पण लाइनचे व्हॉल्व्ह उघडे. कॉम्प्रेसर चालू ठेवा आणि घड्याळ लावा: लोडवर (हवा भरत) किती वेळ, अनलोडवर (नुसता फिरत) किती वेळ, असे पाच फेरे. समजा लोड दीड मिनिट, अनलोड साडेतीन मिनिटं. दीड भागिले पाच, म्हणजे ३० टक्के. कॉम्प्रेसर १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा देणारा) असेल तर ३० सीएफएम हवा काही काम न करता जाते आहे. १० टक्क्यांच्या आत असेल तर निगा चांगली.

मग साबणाच्या पाण्याची बादली आणि ब्रश घेऊन फिरा. फुगे हमखास येतात ते क्विक कपलरला, एफआरएलच्या (हवा गाळून दाब नेमणाऱ्या आणि तेल देणाऱ्या जोडणीच्या) वाटीला, होज क्लिपला, टेफ्लॉन न लावलेल्या आट्यांना. आणि एक खास पावसाळी गळती: जुलैच्या दमट हवेने रिसीव्हरमध्ये, म्हणजे हवेच्या टाकीत, पाणी भराभर साठतं, रोज सोडायचा कंटाळा येतो म्हणून ऑपरेटर खालची ड्रेन कॉक किंचित उघडी ठेवतो. पाणी आपोआप जातं खरं, पण ऑक्टोबरात पाऊस संपल्यावर कॉक बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही आणि ती पुढच्या जूनपर्यंत फुसफुसत राहते. टायमरचा ऑटो ड्रेन बसवा, आणि तो उघडा अडकत नाही ना हे महिन्याला बघा.

गळती बंद झाली की दाब उतरवून बघा. १ बार कमी केला तर विजेत ६ ते १० टक्के फरक पडतो. सीएनसीच्या प्रेशर स्विचचा अलार्म कितीला येतो ते आधी बघून, एका वेळी ०.२ बारने खाली या. कॉम्प्रेसरची खोली भट्टीच्या बाजूला असेल तर बाहेरची थंड हवा आत खेचणारा डक्ट घालावा. आत जाणारी हवा ४ अंशांनी तापली की सुमारे १ टक्का वीज जास्त जाते. बेळगावची हवा फुकट थंड आहे, तिचा एवढा तरी फायदा घ्यावा.

प्रशिक्षण आणि करार

५ जूनचं दोन तासांचं भाषण एकदाच होतं, आणि कॅन्टीनचा कंत्राटदार किंवा हाउसकीपिंगची माणसं मधेच बदलतात. नव्या माणसाला ड्रम म्हणजे कचऱ्याची टाकी वाटते. पुरवठादाराकडून दोन तासांच्या जागी अर्ध्या तासाच्या चार भेटी मागा: फेब्रुवारीत सुरुवात, मेअखेर पोती मोजायला, जुलैच्या मध्यात ड्रम उघडून बघायला, खंडेनवमीच्या आठवडाभर आधी. भेट ड्रमपाशी उभं राहून, प्रोजेक्टरसमोर नको. हे लेखी नसेल तर जुलैची भेट होत नाही. पावसात यायला कुणाला आवडतं?

आपल्या बाजूने जबाबदारी स्टोअरवाल्याकडे द्यावी, एचआरकडे नाही. पोती, जाळ्या, बेअरिंग, कॉटन वेस्टचा ड्रम, भंगारवाल्याचा फोन, सगळं त्याच्याच अखत्यारीत असतं. त्याच्या रजेवर बघणारं दुसरं नावही वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. वहीत आठवड्याला चारच आकडे: ओला कचरा किलोत, सुक्या मालाची शिल्लक पोती, विजेचे युनिट, पाण्याचं मीटर. ओला कचरा सहावरून नऊ किलोवर गेला तर ड्रमकडे धावू नका, भाताचं माप बघा.

पैसे तीन हप्त्यांत द्या: निम्मे माल आल्यावर जानेवारीत, पाव जुलैच्या भेटीनंतर, उरलेले पाव दसऱ्याच्या पुढच्या आठवड्यात. त्या दिवशी पुरवठादाराच्या माणसाला ड्रमचं दार उघडायला सांगा आणि मूठभर माल त्याच्याच हातात द्या. दाबल्यावर एक-दोन थेंब, वास पहिल्या पावसाच्या मातीचा, तर चेक तिथेच लिहून द्या. धार लागली तर शिल्लक पोत्यांतलं एक त्याच्यासमोर ठेवा आणि भुसा त्यालाच कालवू द्या. चेक पुढच्या भेटीला.